पंधरा मीटरच्या आत

"पंधरा मीटरच्या आत माणसाचं होऊन होऊन असं काय होणार आहे?" बॅटरीवाला म्हणाला आणि बैठकीतले सगळे हसले.

हसण्यासारखं त्यात होतंही. त्याचं खरं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. आपलं नकाशाचं ॲप लोकांच्या फोनची बॅटरी किती खातं, हे एकच दुखणं त्यानं जन्माचं लावून घेतलं होतं, आणि कोणाच्या लग्नाचा विषय निघाला तरी तिसऱ्या वाक्याला तो बॅटरीवर येत असे. "उठून पाणी पिईल," चाचण्या घेणाऱ्या बाई म्हणाल्या. "बायकोशी भांडून बाहेरच्या खोलीत जाईल." "जाऊ दे की. तो कुठे गेलाय ते बायकोला ठाऊक असतं, तिला नकाशा कशाला हवा?" बॅटरीवाला म्हणाला. पुन्हा हशा झाला. मुद्दा तसा साधा होता. फोन थोड्या थोड्या वेळानं आपण कुठे आहोत ते ॲपला कळवत असतो. आधीच्या जागेपासून नवी जागा पंधरा मीटरच्या आत असली तर ॲप ती सोडून देतं, नकाशावरचा ठिपका हलवत नाही. याला ते चाळणी म्हणत. बॅटरीवाल्याला पंधराचे पंचवीस करायचे होते आणि त्यासाठी त्यानं रंगीत आलेख आणले होते. टीमच्या प्रमुख, ज्यांना सगळे कॅप्टन म्हणत, खिडकीशी बसलेल्या तिच्याकडे वळून म्हणाल्या, "चाळणी तू लिहिली आहेस. तू होकार दिलास की झालं. गुरुवारपर्यंत सांगशील?" ती म्हणाली, "हो." गुरुवारपर्यंत सांगते, एवढ्याच अर्थाचं हो. बॅटरीवाल्यानं तो होकार समजून अंगठा वर केला, आणि तिनं त्याला दुरुस्त केलं नाही.

ती आपल्या जागेवर येऊन बसली. मग 'जागेवर' हा शब्द मनात तसाच उभा राहिला, दारात आलेला माणूस आत येत नाही आणि जातही नाही तसा. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची काच पुसणारा माणूस दोरावर लोंबकळत होता. तासभर तो त्याच दोन खिडक्यांमध्ये होता, आणि तिच्या चाळणीच्या हिशेबानं तो तासभर हललाच नव्हता. पंधरा मीटर म्हणजे किती, हे तिनं कधी मोजून पाहिलं नव्हतं असं नाही. उलट तिनंच ते मोजलं होतं, भिंतीपासून फाटकापर्यंत, बाबांच्या घरी, बाबांच्याच टेपनं. टेपचं दुसरं टोक धरून बाबा फाटकाशी उभे होते आणि ओरडून आकडा विचारत होते. लोकांना तो आकडा शास्त्रीय वाटे. नव्यानं आलेला एकजण तर एकदा म्हणाला होता की यामागे काहीतरी संशोधन असणार. तिनं मान हलवली होती.

बाबा एका कारखान्याच्या हत्यारांच्या कोठीत चौतीस वर्षं कोठीवाले होते. बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद खोली, आणि एक लांबलचक लाकडी फळा. फळ्यावर प्रत्येक पान्याची, हातोडीची, कानशीची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली, आणि त्या आकृतीवर ते ते हत्यार टांगलेलं. कोणी काही नेलं की त्याची पांढरी रेघ उघडी पडायची. ती लहान असताना एकदा बाबांबरोबर तिथे गेली होती. तिला त्या रिकाम्या आकृत्यांचीच भीती वाटली होती, हत्यारांची नाही. घरीही तेच. कात्री, नखं कापायचं, टॉर्च, सुईदोरा: "जागेवर ठेव." रागावून नव्हे, पण दिवसातून दहा वेळा. "अंधारात हात घातला तरी वस्तू हाताला लागली पाहिजे. नाहीतर ती असून नसल्यासारखी." ॲप निरनिराळ्या भाषांत निघालं तेव्हा टीममध्ये मराठी येणारी ती एकटीच होती. पाच मिनिटांत ठिपका हलला नाही तर त्याच्याखाली एक शब्द येतो. भाषांतर करणाऱ्यांनी त्यासाठी 'स्थिर' पाठवला होता. रुग्णाची प्रकृती स्थिर, तसं काहीतरी. तिनं तो खोडला आणि 'जागेवर' लिहिलं. किती छान, किती घरगुती शब्द सापडला म्हणून तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं, आणि त्याच संध्याकाळी तिनं बाबांना फोन करून सांगितलंही. बाबांनी तो शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे आता माणसंसुद्धा फळ्याला टांगणार तर."

चौतीस वर्षांत एक पाना न हरवलेला माणूस शेवटच्या दोन वर्षांत स्वतः हरवायला लागला. पहिल्यांदा केस कापून येताना. दुसऱ्यांदा एका दुकानदाराचा तिला फोन आला. "तुमचे वडील इथे बसलेत. पत्ता विचारला तर अगदी बिनचूक सांगतायत, पण मी या भागात पन्नास वर्षं आहे, ती गल्ली आता उरलेली नाही." तेव्हा तिनं त्यांच्या फोनमध्ये ॲप घातलं. सगळ्यांना मिळतं ते नाही, ऑफिसातली चाचणीची आवृत्ती, कारण तिच्यात नव्या सुधारणा आधी येत आणि बाबांना सगळ्यात चांगलं तेच द्यायचं होतं. "पाळत ठेवतेस माझ्यावर?" "काळजी घेते." "चोराचीही घेतात." पण मग त्यांना त्यातच मौज वाटू लागली. बाहेर पडले की स्वतःहून फोन करायचे. "काय म्हणतोय तुझा ठिपका, मी कुठे आहे?" ती म्हणायची, पोस्टापाशी. "चूक. पोस्टाच्या समोर." कोठीवाल्याचा तो जुना ताठा त्या आवाजात ऐकू आला की तिचा दिवस बरा जायचा. मग एकदा त्यांनी तक्रार केली. "अगं, मी माझ्या खुर्चीत बसलोय आणि तुझा नकाशा मला शेजारच्या बाईंच्या बाथरूममध्ये दाखवतोय. या वयात लोक काय म्हणतील मला?" ती खूप हसली होती. त्यांना समजावलं होतं की फोन टेबलावर नुसता पडून असला तरी त्याला कळणारी जागा डुलत राहते, सिग्नल भिंतींवर आपटून येतात, झोपलेला माणूस कूस बदलतो तसं काहीसं. "मग त्याला सांग नीट झोपायला," बाबा म्हणाले. त्याच आठवड्यात तिनं चाळणी लिहायला घेतली. बाबा घरात कुठेही असोत, मागच्या भिंतीशी की पुढच्या फाटकाशी, ठिपका घरातच राहिला पाहिजे. टेपवर चौदा मीटर आणि थोडं वर भरलं. तिनं पंधरा लिहिले. आज ते पंधरा मीटर कितीतरी शहरांतल्या कितीतरी लोकांच्या फोनमध्ये होते आणि त्यांच्यातल्या कोणालाही ठाऊक नव्हतं की ती एका म्हाताऱ्याच्या घराची लांबी आहे.

तिनं पाण्याची बाटली उघडली आणि न पिता झाकण लावलं. सहा आठवडे झाले होते. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की तिचे वडील गेले. तिच्या टेबलावर सह्या केलेलं कार्ड ठेवलं होतं, कॅप्टननी तिला दोन दिवस जास्त रजा घ्यायला लावली होती, बॅटरीवाल्यानं तर तिची अर्धी कामं न बोलता उरकली होती. तो वाईट माणूस नव्हता. त्याला काय ठाऊक. कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबा गेले त्या दिवशी आई आठ महिन्यांनी पहिल्यांदा मावशीकडे जायला निघाली होती. जाऊ की नको, जाऊ की नको, असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी तिनंच आईला फोनवर सांगितलं होतं, "जा गं निर्धास्त. मी बघते इथून." इथून. जणू ती खिडकीतच बसली होती. दुपारी बाबा कोपऱ्यापर्यंत फिरून आले. चार वाजून बारा मिनिटांनी ठिपका घरात शिरला. पाच मिनिटांनी त्याच्याखाली शब्द आला. चार चाळीसला ती आजच्याच बैठकीच्या खोलीत, त्याच खुर्च्यांमध्ये बसली होती आणि टेबलाखाली फोन थरथरला. आई. ती दबक्या आवाजात "बोल" म्हणाली. "बघ गं जरा, कुठे आहेत?" तिनं अंगठ्यानं नकाशा उघडला. 'जागेवर. २८ मिनिटे.' "जागेवर आहेत," ती म्हणाली. "बरं," आई म्हणाली. सगळं मिळून दहा सेकंदं. मग तिनं वर बघून कोणालातरी आकडेवारीबद्दल एक प्रश्न विचारला, चांगला प्रश्न होता, कॅप्टननी तो लिहून घेतला. साडेपाचला आई घरी पोचली. बाबा स्वयंपाकघर आणि मागचं दार यांच्यामधल्या बोळात पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, चार ते साडेपाचच्या मधे कधीतरी. अंदाज तेवढाच. आणि मग, आईच्या खांद्यावर हात ठेवून, चांगुलपणानं म्हणाले, "जागेवरच गेले असतील. कळलंही नसेल त्यांना." एक क्षण तिला वाटलं होतं की डॉक्टर ते तिच्या फोनवरून वाचतायत.

मावशीच्या घरापासून आईचं घर वीस मिनिटांवर. चार चाळीसला निघाली असती तर पाचला पोचली असती. हे गणित तिनं इतक्या वेळा केलं होतं की आता ते गणित राहिलं नव्हतं, दात घासण्यासारखं झालं होतं. प्रश्न एकच होता, आणि तो रोज सकाळी तिच्या आधी उठत असे. ती 'जागेवर आहेत' म्हणाली त्या क्षणी बाबा खुर्चीत बसलेले होते, की बोळातल्या फरशीवर पडून कुणाची तरी वाट बघत होते? आणि याचं उत्तर कुठे असू शकेल तेही तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. चाळणी बरोबर चालते की नाही ते तपासता यावं म्हणून चाचणीच्या आवृत्तीत तिनं एक सोय केली होती. चाळणीखाली पडलेल्या जागा फोन टाकून देत नसे, एका वेगळ्या फाइलीत जपून ठेवत असे. बाबांचा फोन त्याच रात्री बंद करून ठेवला होता, तेव्हा ती फाइल अजून तशीच असणार. सहा आठवडे ती ते स्वतःपासून लपवत होती. कपाटात ठेवलेल्या वस्तूकडे पाठ करून झोपावं तसं. आज बॅटरीवाल्यानं नुसतं हसत हसत दार उघडलं होतं.

बुधवारी तिनं रजा टाकली आणि पहिल्या बसनं आईकडे गेली.

आईनं दार उघडलं आणि तिच्या हातातली पिशवी आधी बघितली. "अशी न सांगता? मला न्यायला आली असशील तर आत्ताच सांगते, मी येणार नाही."

"न्यायला नाही आले."

"मग ये." आई बाजूला झाली. तिनं बाबांचा राखाडी स्वेटर घातला होता, बाह्या दुमडून. "जेवलीस?"

"जेवले. आई, बाबांचा फोन कुठे आहे?"

"चार्जिंगला."

"बंद होता ना?"

"बंदच आहे. म्हणून काय त्याला उपाशी ठेवायचा?" आई स्वयंपाकघराकडे जात म्हणाली. "रोज दुपारी लावते तासभर. त्यांनी शिकवलं होतं, बॅटरी पूर्ण उतरू द्यायची नाही. तुमचा तो माणूस सांगतो म्हणे."

तिनं बॅटरीवाल्याचे किस्से बाबांना सांगितले होते, हे ती विसरून गेली होती. बाबा त्याला कधी न भेटता त्याचे भक्त झाले होते. फोन बाबांच्या टेबलावर, नेहमीच्या त्या चौकोनी डब्यात होता. तिनं तो सुरू केला, खुर्चीत बसली, आणि हात स्वच्छ असूनही एकदा ओढणीला पुसले. फाइल होती. चार बारा ते साडेपाच या वेळातल्या एक्कावन्न ओळी, प्रत्येकीत वेळ, जागा, आणि त्या जागेची खात्री किती मीटरची ते. तिनं त्या आपल्या लॅपटॉपवर घेतल्या आणि घराच्या आराखड्यावर एकेक ठिपका मांडून रेघांनी जोडला. कोळ्यानं जाळं अर्धवट सोडावं तशी ती आकृती दिसत होती. खुर्ची, स्वयंपाकघर, पुन्हा खुर्ची, भिंतीच्या पलीकडे, बोळ. आणि एक रेघ सगळ्यांतून सुटून लांब गेलेली, थेट फाटकापर्यंत, आणि परत आलेली. तिनं त्या ओळीची वेळ पाहिली. चार चव्वेचाळीस.

 चार चव्वेचाळीसला बाबा फाटकाशी गेले असतील, आई येते का बघायला, तर चार चाळीसला ते उभे होते. मग ती जे म्हणाली ते खरं होतं. तिला इतका हलकेपणा वाटला की तिची तिलाच शरम वाटली, आणि त्या शरमेतून तिच्या धंद्याचं ज्ञान हळूहळू वर आलं. असल्या सुटलेल्या रेघा तिनं हजारो पाहिल्या होत्या. टेबलावर पडलेल्या फोनच्या. उशीखालच्या फोनच्या. लोकांचा जीव नको इतका वर-खाली करतात म्हणून तर त्या गाळायच्या असतात. ही रेघ बाबांच्या पायांची आहे की फोनच्या डुलण्याची, ते या आकृतीवरून जगात कोणी सांगू शकत नव्हतं. फक्त एक करून बघता येण्यासारखं होतं.

"आई, इकडे ये जरा. ते नक्की कुठे होते?"

आईनं का म्हणून विचारलं नाही. बोळात आली, पुसायचं फडकं कोपऱ्यात सरकवलं आणि कपडे धुण्याच्या यंत्राच्या नळीजवळची फरशी पायाच्या बोटानं दाखवली. "डोकं इथे. पाय दाराकडे. डाव्या कुशीवर होते."

"आणि फोन?"

"शर्टाच्या खिशात. म्हणजे खाली दबलेला."

तिनं फोन त्या फरशीवर पालथा ठेवला आणि सांगितलं की तो एक तास अठरा मिनिटं असाच राहू द्यायचा, कोणी हात लावायचा नाही. तेव्हा जी आकृती निघाली होती ती आणि आत्ता जी निघेल ती शेजारी शेजारी ठेवून बघायची. दोन्ही सारख्या निघाल्या तर ते तेव्हाच पडलेले होते, नाही निघाल्या तर हिंडत होते. आईनं ऐकून घेतलं. कोठीवाल्याची बायको होती, मोजमापाच्या गोष्टी तिला समजत. ती आत गेली आणि एक उशी घेऊन आली, स्वेटर अंगातून काढून उशीला गुंडाळला, आणि ते सगळं फोनवर ठेवून वरून तळव्यानं दाबलं. "असा उघडा नव्हता तो," ती म्हणाली.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. बोळ एवढा अरुंद की भिंतीला पाठ लावून बसलं तर पाय समोरच्या भिंतीला टेकत. दोघी तशाच बसल्या, उशीच्या दोन बाजूंना. फरशी गार होती. यंत्राच्या नळीतून मधेच एखादा थेंब पडत होता आणि दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी आत येऊन आईच्या पावलावर पडली होती. खाली बसल्यावर किती वेगळं दिसतं घर, तिला वाटलं. ओट्याची खालची बाजू कधी कोणी पाहिलेली नसते. तिथे रंग लावलेला नव्हता. स्वयंपाकघरातलं घड्याळ इथून दिसत नव्हतं, फक्त ऐकू येत होतं. बाबा जागे असतील तर त्यांनी हे सगळं पाहिलं असेल: हा न रंगवलेला भाग, ही फट. त्यांनी मनात म्हटलं असेल का, इथे एक हात रंग द्यायला हवा. तिच्या पिशवीत फोन वाजला. बॅटरीवाल्याचा निरोप होता. 'होकार टाकतेस ना? घाई नाही, पण उद्या गुरुवार.' आणि खाली, 'आई बऱ्या आहेत ना?' तिनं लिहिलं, 'होकार नाही. उद्या बोलू.' मग जरा थांबून, 'आई बरी आहे.' पाठवून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पहिल्या वाक्यापेक्षा दुसऱ्याबद्दलच तिला खात्री कमी आहे.

"किती झाली?" आईनं विचारलं.

"पंचवीस मिनिटं."

"एवढीच?"

"एवढीच."

आईनं पाऊल उजेडातून मागे घेतलं. "तू 'जागेवर आहेत' म्हणालीस ना," ती उशीकडे बघत म्हणाली, "तेव्हा मी चपला घातलेल्या होत्या."

तिला नीट कळलं नाही. "कधी?"

"तुला फोन केला तेव्हा. मावशीच्या दारात उभी होते. पर्स खांद्याला. मनात आलं, एकदा विचारून बघावं. तू म्हणालीस जागेवर आहेत. मग मी चपला काढल्या. मावशी म्हणाली, काय झालं गं? म्हटलं, काही नाही, बसते अजून थोडी." आईचा आवाज एकसुरी होता, वाणसामान सांगावं तसा. "आम्ही काही विशेष बोलतही नव्हतो. तिच्या त्या शेजारणीचं सांगत होती. मला हसायला येत होतं. आठ महिन्यांत कोणी मधे हाक न मारता मी एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकली नव्हती."

थेंब पडला. 

"त्यांनाच फोन करायचा ना सरळ," आई म्हणाली. "तुला कशाला? पण त्यांना केला असता तर त्यांनी विचारलं असतं, कधी येतेस. आणि मग यावं लागलं असतं. तुला केला की तू बघून सांगणार, आहेत म्हणून. मला ते माहीत होतं. मी तुला विचारायला फोन नव्हता केला गं. परवानगी काढायला केला होता."

बाबांना फोन करायला तिलाही दहा सेकंदं लागली असती. हे तिच्या एकाही गणितात कधी आलंच नव्हतं. सहा आठवडे तिनं मीटर मोजले, मिनिटं मोजली, शब्दाला दोष दिला, चाळणीला दिला. पण त्या दुपारी दोन बायका एका माणसाबद्दल एकमेकींशी बोलल्या आणि दोघींपैकी कोणीही त्याला विचारलं नाही. नकाशा होता म्हणून विचारलं नाही. तिला वाटलं, आईकडे बघावं, पण मान वळेना. पुढची पन्नास मिनिटं त्या उशीपासून हलल्या नाहीत. मधे एकदा आई म्हणाली, "पाय आखडले," आणि तिनं आईचे पाय आपल्या मांडीवर घेतले. मधे एकदा बाहेरून कोणीतरी गेलं, चपलांचा आवाज फाटकाशी येऊन पुढे निघून गेला, आणि दोघींचीही डोकी एकदम तिकडे वळली. तो आवाज इथून इतका स्पष्ट ऐकू येतो, हे दोघींना एकाच वेळी कळलं. एक तास अठरा मिनिटं. बैठकीत, बसमध्ये, मावशीच्या दिवाणावर ती कशीही निघून जातात. इथे प्रत्येक मिनिटाला शेवट होता आणि शेवटानंतर दुसरं मिनिट होतं.

साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना तिनं उशी उचलली. फोन कोमट झाला होता. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिनं नव्या ओळी उतरवल्या, अठ्ठेचाळीस निघाल्या, आणि ठिपके जोडले. फोन फरशीवर होता, तसूभरही हललेला नव्हता, दोघी त्याची राखण करत बसल्या होत्या. पडद्यावर तो खुर्चीत जाऊन आला होता. स्वयंपाकघरात फिरला होता. भिंतीतून शेजारी डोकावला होता. एक रेघ फाटकाच्या बाजूला गेली होती आणि निम्म्यावरून, अंगणातल्या रिकाम्या कुंडीपासून परत फिरली होती. तेव्हाची रेघ फाटकापर्यंत, आजची निम्म्यापर्यंत. तिनं दोन्ही आकृत्या शेजारी ठेवल्या, मग एकीवर एक ठेवल्या. ओढून ताणून तिला हवं ते त्यातून काढता आलं असतं. ऑफिसातल्या कोणत्याही बैठकीत तिनं ते काढून दाखवलं असतं आणि सगळ्यांना पटलं असतं.

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं. तिनं चष्मा आणला नव्हता आणि पडद्याकडे बघत नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

"कळत नाही, आई."

"म्हणजे?"

"म्हणजे यातून कळत नाही. ते चालत होते की पडले होते, काहीच सांगता येत नाही." तिनं लॅपटॉप खाली ठेवला. "त्या दिवशीही मला कळलेलं नव्हतं. तू विचारलंस तेव्हा. 'जागेवर' म्हणजे फोनकडून नवीन काही आलेलं नाही, एवढाच अर्थ आहे त्याचा. तो शब्द मी घातलाय. तुला वाटलं ते ठीक आहेत. मीही स्वतःला तसंच वाटू दिलं."

 आईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रस्ता विचारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर असतं तसं काहीतरी होतं.

"मग तेव्हाच असं का नाही म्हणालीस?" आई म्हणाली. "कळत नाही म्हणाली असतीस तर मी निघाले असते."

"हो," ती म्हणाली.

आईनं उठायला आधार म्हणून हात पुढे केला. तिनं तो धरला, घट्ट, आणि आईनंही पकडला. पण जोर दोघींपैकी कोणीच लावला नाही, आणि त्या तशाच बसून राहिल्या.